फाटक कोणी उघडले? मायामीतील अंतिम सामना आणि गर्दीची जबाबदारी

रविवार, १४ जुलैची रात्र फुटबॉलप्रेमींसाठी जागरणाचीच होती. मध्यरात्रीनंतर साडेबाराला बर्लिनमध्ये युरो चषकाचा अंतिम सामना सुरू झाला. स्पेनने इंग्लंडला २-१ असे हरवले, आणि डोळा लागतो न लागतो तोच पहाटे साडेपाचला कोपा अमेरिकेच्या अंतिम सामन्याची वेळ झाली. गोव्यात ऐन आषाढातल्या पावसात गजर लावून उठलेल्यांची संख्या कमी नसावी. अर्जेंटिनाचे निळे-पांढरे पट्टे मडगावपासून म्हापशापर्यंत कुठल्याही मैदानावर दिसतात. परंतु साडेपाच वाजले, सहा वाजले, तरी चेंडू हलला नाही. पडद्यावर दिसत होते ते मायामीच्या हार्ड रॉक स्टेडियमबाहेरचे दृश्य. कुंपणावरून उड्या मारणारे तरुण, लोखंडी गजांना चिकटलेले चेहरे, डोक्यावर उचलून धरलेली मुले आणि उकाड्याने कासावीस होऊन रस्त्याकडेला बसलेली माणसे. सामना अखेर ८२ मिनिटे उशिरा सुरू झाला. अतिरिक्त वेळेत, ११२ व्या मिनिटाला लौतारो मार्टिनेझने गोल केला, अर्जेंटिनाने कोलंबियावर १-० अशी मात करून विक्रमी सोळाव्यांदा चषक जिंकला. दुखापतीमुळे ६६ व्या मिनिटाला बाहेर पडलेला मेस्सी बाकावर बसून रडला, ती छायाचित्रे जगभर गेली. मैदानातील ही कथा एका दिवसात सांगून संपली. फाटकाबाहेरची कथा अजून संपलेली नाही.

झाले ते थोडक्यात असे. सामना सुरू होण्याच्या काही तास आधीपासूनच फाटकांवर दाटी वाढू लागली. मायामी परिसरात कोलंबियन वंशाची वस्ती मोठी. त्यांचा संघ सलग २८ सामने अपराजित राहून अंतिम फेरीत आलेला आणि यापूर्वीचे त्यांचे एकमेव अजिंक्यपद २००१ सालचे. शिवाय मेस्सी सध्या खेळतो तो याच शहराच्या क्लबकडून. अशा सामन्याला तिकीट नसलेलेही येणार, हे भाकीत करायला ज्योतिषी लागत नाही. काहींनी कुंपण ओलांडले, काहींनी सुरक्षारक्षकांना ढकलून आत मुसंडी मारली. हवा खेळती ठेवणाऱ्या झरोक्यांतून शिरणाऱ्यांची चित्रफीतही पसरली. व्यवस्थापनाने फाटके बंद केली. तेव्हा तिकीटधारक आणि बिनतिकीट असे सगळेच उन्हात एकमेकांवर रेलून उभे राहिले. दाब इतका वाढला की, व्यवस्थापनाच्याच निवेदनानुसार, चेंगराचेंगरी टाळण्यासाठी फाटके काही काळ तपासणीविना उघडावी लागली. जे आत शिरायचे ते शिरले, मग फाटके पुन्हा बंद झाली. स्टेडियमची क्षमता सुमारे ६५ हजार. ती भरली होती. पुनर्विक्रीच्या बाजारात हजार डॉलरहून अधिक मोजून तिकीट घेतलेले कित्येक जण बाहेरच राहिले, आणि एक पैसाही न देता आलेले कित्येक जण त्यांच्या जागांवर बसले. खेळाडूंचे कुटुंबीयही या गर्दीतून सुटले नाहीत. पोलिसांनी २७ जणांना अटक केली, ५५ जणांना बाहेर काढले.

सुदैवाने कोणी दगावले नाही. कोणी दगावले नाही म्हणूनच या घटनेचा नीट विचार होण्याची शक्यता कमी असते. मृत्यू झाले की आयोग बसतो, अहवाल येतो. मृत्यू टळले की निवेदने येतात.

निवेदने आलीच. स्टेडियमच्या म्हणण्यानुसार बिनतिकीट आलेल्या हजारो लोकांनी बळाने आत घुसण्याचा प्रयत्न केला. दक्षिण अमेरिकन फुटबॉल महासंघ, म्हणजे कॉन्मेबॉल, या स्पर्धेचा मालक. त्याने सांगितले की सुरक्षेची जबाबदारी करारानुसार स्टेडियमकडे होती, महासंघ त्यांच्या निर्णयांना बांधील होता आणि एवढ्या मोठ्या सामन्यांसाठी अनुभवाने सिद्ध झालेल्या ज्या पद्धती त्याने सुचवल्या होत्या त्या विचारात घेतल्या गेल्या नाहीत. मायामी-डेड परगण्याच्या महापौर डॅनिएला लेव्हिन कावा यांच्या निवेदनानुसार सुरक्षा यंत्रणांचे ८०० हून अधिक कर्मचारी तैनात होते. असे घडायलाच नको होते, असे म्हणून त्यांनी संपूर्ण आढावा घेण्याचे जाहीर केले. तिन्ही निवेदने एकत्र वाचली तर एक चमत्कारिक चित्र तयार होते. स्पर्धेचा मालक आहे, मैदानाचा मालक आहे, पोलीस आहेत, आणि तरीही त्या संध्याकाळी फाटकाचा मालक कोणीच नव्हता.

फाटक उघडण्याच्या निर्णयाकडे आधी पाहायला हवे, कारण टीकाकारांनी सर्वाधिक आगपाखड त्यावरच केली. ती टीका बरीचशी अन्यायाची आहे. बंद दारावर गर्दीचा भार साचत असेल आणि पुढची माणसे गुदमरू लागली असतील, तर दार उघडणे हाच त्या क्षणी माणुसकीचा मार्ग असतो. प्रश्न उरतो तो त्या क्षणापर्यंत गोष्टी पोहोचल्याच कशा, आणि दार उघडल्यावर आत शिरणारा लोंढा कुठे जाणार याचा विचार कोणी केला होता का.

हा प्रश्न फुटबॉलने अत्यंत महाग किमतीला विकत घेतलेला आहे. १५ एप्रिल १९८९ रोजी इंग्लंडमधील शेफील्डच्या हिल्सबरो मैदानावर एफए चषकाच्या उपांत्य सामन्यापूर्वी बाहेरच्या अरुंद जागेत लिव्हरपूलचे समर्थक असेच दाटले होते. पोलीस अधिकाऱ्याने ‘सी’ क्रमांकाचे बाहेर पडण्याचे फाटक उघडायला सांगितले. बाहेरचा दाब सुटला. पण आत शिरलेली माणसे समोर दिसणाऱ्या बोगद्यातून थेट मधल्या, आधीच भरलेल्या कठड्यांच्या कप्प्यांत गेली. तो बोगदा बंद करून लोकांना कडेच्या रिकाम्या कप्प्यांकडे वळवावे, हे कोणाला सुचले नाही. ९७ जणांचा जीव गेला. त्यांतील शेवटचा मृत्यू २०२१ साली नोंदला गेला. समर्थकांनीच फाटक फोडले, असे त्या अधिकाऱ्याने दुपारीच सांगून टाकले होते, आणि ते खोटे असल्याची कबुली द्यायला त्याला पाव शतकाहून अधिक काळ लागला. ते प्रेक्षक बेकायदेशीर कृत्यामुळे मृत्युमुखी पडले आणि समर्थकांच्या वर्तनाचा त्यात दोष नव्हता, हा ज्यूरीचा निर्णय येण्यासाठी २०१६ साल उजाडावे लागले.

येथे भाषेचा एक मुद्दा सांगण्याजोगा आहे. अशा दुर्घटनांना हिंदी वृत्तपत्रे ‘भगदड’ म्हणतात. त्या शब्दात पळापळ आहे, भेदरलेला, सैरावैरा धावणारा जमाव आहे, म्हणजे दोष आधीच जमावाच्या माथी मारलेला आहे. इंग्रजीतील रूढ शब्द तर उधळलेल्या गुरांवरून आला. मराठीतील ‘चेंगराचेंगरी’ या शब्दात मात्र धावणे नाही. त्यात दाबले जाणे आहे. वस्तुस्थितीला हाच शब्द अधिक जवळचा. एक चौरस मीटर जागेत चार-पाच माणसे उभी असतील तोवर प्रत्येक जण आपल्या पायांवर असतो. ही संख्या सहा-सातच्या पुढे गेली की माणूस स्वतःच्या इच्छेने हलू शकत नाही. गर्दी पाण्यासारखी हेलकावू लागते, मागच्या टोकाला दिलेला साधा रेटा पुढच्या टोकाला कित्येक पटींनी पोहोचतो. बळी पडणारे बहुधा तुडवले जाऊन मरत नाहीत. छाती फुलवायला जागा न उरल्याने ते उभ्याउभ्याच गुदमरतात. मागे असलेल्याला पुढचे काहीच दिसत नसते. त्याच्या लेखी रांग सरकत नाही, इतकेच. म्हणून अशा वेळी ‘लोकांनी संयम पाळायला हवा होता’ हे वाक्य ऐकायला बरे वाटले तरी त्याला अर्थ नसतो.

आता ‘बिनतिकीट हजारो’ या आकड्याकडे वळू. मायामीत बिनतिकीट लोक आले होते, घुसले होते, हे निर्विवाद आहे. चित्रफिती साक्षीला आहेत. पण असा आकडा प्रथम उच्चारणाऱ्याच्या हिताचा असतो, हे विसरता येत नाही. २८ मे २०२२ रोजी पॅरिसजवळच्या स्ताद द फ्रान्समध्ये लिव्हरपूल आणि रेआल माद्रिद यांच्यातील चॅम्पियन्स लीगचा अंतिम सामना सुमारे ३६ मिनिटे उशिरा सुरू झाला. प्रेक्षक उशिरा आल्याने विलंब होत असल्याचे स्टेडियममधील फलकावर झळकत होते. प्रत्यक्षात ते प्रेक्षक तासन् तास बाहेर खोळंबले होते आणि त्यांच्यावर अश्रुधूर सोडला जात होता. तीस ते चाळीस हजार ब्रिटिश प्रेक्षक बनावट तिकिटे घेऊन किंवा तिकिटाविना आले होते, असे फ्रान्सचे तत्कालीन गृहमंत्री जेराल्ड दारमानँ यांनी सांगितले. फाटकांवर तपासल्या गेलेल्या बनावट तिकिटांची युरोपीय महासंघाने दिलेली संख्या निघाली २,५८९. स्टेडियमच्या कॅमेऱ्यांचे चित्रण मागायला चौकशी पथक पोहोचेपर्यंत ते आपोआप पुसले गेले होते. फेब्रुवारी २०२३ मध्ये आलेल्या स्वतंत्र अहवालाने मुख्य जबाबदारी स्पर्धेचा मालक असलेल्या युरोपीय महासंघावर, म्हणजे युएफावर, टाकली आणि त्या रात्री मोठी जीवितहानी टळली ती प्रेक्षकांच्या संयमामुळे, असा निष्कर्ष नोंदवला. ज्यांना हुल्लडबाज म्हटले गेले त्यांनीच एकमेकांना सावरले होते.

याचा अर्थ प्रेक्षक नेहमीच निर्दोष असतात असे मुळीच नाही. ११ जुलै २०२१ रोजी लंडनच्या वेम्बली मैदानावर युरो चषकाच्या अंतिम सामन्यात सुमारे दोन हजार बिनतिकीट लोक आत शिरले, आणि तेथे गुन्हा त्यांचाच होता. दारूच्या आणि अमली पदार्थांच्या नशेतील टोळ्यांनी अपंगांसाठीच्या दारांना लक्ष्य केले, कारण ती दारे अधिक वेळ उघडी राहतात. लुईस केसी यांच्या अहवालाने १७ वेळा झालेली सामूहिक घुसखोरी नोंदवली. त्याच अहवालातील एक नोंद अंगावर काटा आणते. इंग्लंड जिंकले असते तर सामन्यानंतर फाटके उघडताच आत घुसण्याच्या तयारीत बाहेर हजारो लोक थांबले होते. पेनल्टीत यजमान हरले म्हणून ते घरी गेले. एका संघाच्या पराभवावर शेकडो जीव वाचणे याला सुरक्षा व्यवस्था म्हणत नाहीत.

पण केसी अहवालाने गुंडांना दोष देऊन हात झटकले नाहीत. इंग्लंड पंचावन्न वर्षांनी मोठ्या स्पर्धेच्या अंतिम सामन्यात खेळत होते, महासाथीच्या निर्बंधांमुळे मैदानात जागा रिकाम्या राहणार होत्या आणि हे सर्वांना माहीत होते; अशा दिवसाची तयारी नेहमीच्या सामन्यासारखी का केली, हा त्याचा मुख्य प्रश्न होता. मायामीला हाच प्रश्न जसाच्या तसा लागू पडतो. वेम्बलीचा अहवाल डिसेंबर २०२१ पासून कोणालाही वाचायला उपलब्ध आहे.

येथे अमेरिकी स्टेडियमची रचना समजून घ्यावी लागते. हार्ड रॉक हे मुळात मायामी डॉल्फिन्स या अमेरिकी फुटबॉल संघाचे घर. अशा मैदानांभोवती गाड्या उभ्या करण्याची अफाट पटांगणे असतात. सामन्यापूर्वी तेथे शेगड्या पेटवून, खुर्च्या मांडून खाणेपिणे करणे हा तेथील संस्कृतीचा भाग आहे आणि त्या पटांगणात असण्यासाठी तिकीट असलेच पाहिजे असे नाही. तिकीट दाखवायचे ते स्टेडियमच्या दारात. डॉल्फिन्सच्या सामन्याला हे चालते, कारण त्या खेळात प्रतिपक्षाचे समर्थक थोडे आणि बिनतिकीट घुसण्याची परंपरा जवळजवळ नाही. युरोप आणि दक्षिण अमेरिकेतील मोठ्या फुटबॉल सामन्यांना मात्र मैदानापासून दूर, काही अंतरावर बाहेरचे कडे असते. तिकीट तेथेच पहिल्यांदा पाहिले जाते आणि तिकीट नसलेला माणूस दारापर्यंत पोहोचतच नाही. दारावरची गर्दी पातळ ठेवण्याचा हा सर्वांत जुना उपाय. मायामीत आतल्या दाराला पहिलेच आणि शेवटचेच दार बनवले गेले, असे समोर आलेल्या वृत्तांतांवरून दिसते. तसे असेल तर ८०० काय, आठ हजार कर्मचारी असते तरी ते दाबाच्या चुकीच्या बाजूला उभे राहिले असते.

अर्थात बाहेरचे कडे म्हणजे जादूची कांडी नव्हे. पॅरिसमध्ये ते होते. अडचण तेथेच झाली. त्या दिवशी एका रेल्वेमार्गावर संप होता. प्रवासी दुसऱ्या स्थानकाकडे वळले आणि तेथून मैदानाकडे जाणारी वाट महामार्गाखालच्या अरुंद मार्गातून होती. तिकीट तपासणी आणि अंगझडती दोन्ही त्याच चिंचोळ्या जागी ठेवल्या होत्या. कडे कुठे आखायचे, किती रुंद ठेवायचे, तेथे परत पाठवलेला माणूस कोणत्या वाटेने परत जाईल, हे आधी कागदावर आणि मग पायी चालून ठरवावे लागते. मायामीतील गोंधळानंतर ‘बाहेर कुंपण वाढवा’ असे म्हणणाऱ्यांनी पॅरिसचा अहवालही वाचायला हवा.

कॉन्मेबॉलच्या निवेदनातील ‘करारानुसार’ हा शब्द म्हणूनच सर्वाधिक खटकतो. स्पर्धा त्यांची, तिकिटांचा पैसा त्यांच्या स्पर्धेचा, मध्यंतरात शकीराच्या गाण्यासाठी खेळ पंचवीसेक मिनिटे थांबवण्याचा निर्णय त्यांचा. फक्त फाटक तेवढे दुसऱ्याचे. सुचवलेल्या पद्धती पाळल्या गेल्या नव्हत्या, तर सामना त्या अटींवर होऊ देण्यास नकार देण्याचा अधिकार कोणाकडे होता? शिवाय इशारा चार दिवस आधीच मिळाला होता. १० जुलै रोजी शार्लट येथील उपांत्य सामन्यानंतर उरुग्वेचे खेळाडू प्रेक्षकांत घुसून हातघाईवर आले. तेथे आपले कुटुंबीय असुरक्षित होते, संरक्षण नव्हते, असे त्या खेळाडूंचे म्हणणे. खेळाडूंचे वर्तन समर्थनीय नाही. पण मैदानातील सुरक्षा ढिली असल्याची तक्रार तेव्हाच जगजाहीर झाली होती. आणि अंतिम सामन्याच्या रात्रीचा शेवट पाहा. कोलंबियन फुटबॉल महासंघाचे अध्यक्ष रामोन हेसुरुन आणि त्यांचे पुत्र यांना सुरक्षारक्षकांशी हातापायी केल्याच्या आरोपावरून अटक झाली. हेसुरुन हे तेव्हा कॉन्मेबॉलचे उपाध्यक्षही होते. आरोप तेव्हा सिद्ध झालेले नव्हते. तरी प्रेक्षकांना शिस्तीचे धडे देणाऱ्या संघटनेची ही शोभा म्हणावी लागेल.

भारतीय वाचकाने हे दूरदेशीचे म्हणून बाजूला सारू नये. त्या सामन्याच्या अवघ्या दहा दिवस आधी, ४ जुलैला, टी-ट्वेंटी विश्वविजेत्या क्रिकेट संघाच्या मिरवणुकीसाठी मुंबईच्या मरीन ड्राइव्हवर उसळलेला जनसागर आणि दुसऱ्या दिवशी रस्त्यावर उरलेले चपलांचे ढीग सर्वांनी पाहिले. वानखेडेवर प्रवेश मोफत होता, म्हणजे तिकीटधारक आणि बिनतिकीट हा भेदच नव्हता; मोजणी कशाच्या आधारावर करायची? तेथेही काहींना रुग्णालयात न्यावे लागले, आणि तेथेही दुसऱ्या दिवशी चर्चा उत्साहाचीच झाली. फुटबॉलपुरते बोलायचे तर कोलकात्याच्या ईडन गार्डन्सवर १६ ऑगस्ट १९८० रोजी मोहन बागान आणि ईस्ट बंगाल यांच्या सामन्यात १६ प्रेक्षक मृत्युमुखी पडले होते. गोव्याने २०१७ साली सतरा वर्षांखालील विश्वचषकाचे सामने फातोर्ड्यात भरवले, आयएसएलचे अंतिम सामनेही तेथे झाले. फातोर्ड्याचे मैदान लहान आहे, हे खरे. परंतु दाब मैदानाच्या आकाराने नव्हे, दाराच्या रुंदीने वाढतो.

मायामीच्या बाबतीत घड्याळ आधीच सुरू झाले आहे. २०२६ च्या विश्वचषकाचे सात सामने याच हार्ड रॉक स्टेडियममध्ये ठरलेले आहेत, त्यांत तिसऱ्या क्रमांकासाठीचाही सामना आहे. अंतिम सामना १९ जुलै २०२६ रोजी न्यूयॉर्कलगतच्या न्यू जर्सीत, आणखी एका अमेरिकी फुटबॉलच्या, भोवती तशीच पटांगणे असलेल्या मैदानावर होईल. त्या स्पर्धेचा मालक फिफा असेल. मैदाने भाड्याची असतील, पोलीस त्या त्या परगण्याचे आणि दारावरचे रक्षक कंत्राटी कंपन्यांचे. म्हणजे जबाबदारीची साखळी आणखी एका कडीने लांब.

त्यानंतर जे काही हलले ते न्यायालयात. तिकीट असूनही बाहेर राहिलेल्या प्रेक्षकांनी स्टेडियम आणि महासंघ यांच्याविरुद्ध दावे दाखल केले. त्यांची मागणी प्रामुख्याने पैशांची होती. पण हे दावे पुढे चालले, तर ज्या कराराचा आधार घेऊन कॉन्मेबॉलने हात वर केले होते तो करार न्यायाधीशासमोर ठेवावा लागणार होता, आणि फाटकाची किल्ली कागदोपत्री नक्की कोणाच्या खिशात होती हे तेव्हा वाचायला मिळणार होते.